भिंतीतली तार आणि मामीचं चांदणीचं बटण

आजचा भाग घरफोडीच्या अलार्मचा, आणि तो सुचला मामीच्या एका वाक्यावरून.

मामा-मामीचं घर बॉस्टनजवळ आहे, १९८० च्या दशकातलं. आधीच्या मालकाने बसवलेला अलार्म घराबरोबरच मिळाला. तळघरात पत्र्याची पेटी, दाराशी बटणांचा कीपॅड, त्यावर हिरवा दिवा. मामाची रात्रपाळी असली की मामी एकटी असते. अलार्म लावते आणि निर्धास्त झोपते. मागच्या हिवाळ्यात मी तिथे असताना कीपॅड पीं-पीं करायला लागला. मामीने पोळी लाटता लाटता हात पुसला, न बघता चांदणीचं बटण दाबलं आणि म्हणाली, "काही नाही रे, ते अधूनमधून कोकलतं. दोन वर्षं झाली. बटण दाबलं की गप्प बसतं."

मी स्क्रीन वाचली. अलार्मचा केंद्राशी संपर्क तुटला होता. पेटीतलं मोबाइलचं यंत्र थ्रीजीवर चालणारं, आणि अमेरिकेत एटी अँड टीने आपलं थ्रीजी २२ फेब्रुवारी २०२२ ला बंद केलं. म्हणजे एवढे दिवस चोर आला असता तर भोंगा घरातच वाजला असता, मामी जागी झाली असती, आणि बाहेर कोणालाही काही कळलं नसतं. महिन्याचे पैसे मात्र मामाच्या कार्डातून जातच होते. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांचं एक पत्र नंतर जाहिरातींच्या गठ्ठ्यात सापडलं, तेव्हा थोडी चूक आपलीही.

आता गोष्ट १८५३ ची. फार लांब जायचं नाही, शेजारच्याच सॉमरव्हिल गावात. तिथे ऑगस्टस रसेल पोप नावाचे धर्मगुरू होते. आदल्याच वर्षी बॉस्टन शहरात आगीची सूचना तारायंत्राने द्यायची सोय सुरू झाली होती, त्यामुळे तार आणि घंटा हे दोन शब्द हवेत होतेच. पोप यांनी तीच जोडी घरात आणली. २१ जून १८५३ ला त्यांना विजेवर चालणाऱ्या चोर-घंटेचं पेटंट मिळालं. दार किंवा खिडकी उघडली की सर्किट जुळायचं, बॅटरीचा प्रवाह सुरू व्हायचा आणि विद्युतचुंबक हातोडीने पितळी घंटा बडवायचा. खरी अक्कल पुढे आहे: चोराने घाबरून दार परत लावलं तरी घंटा थांबत नसे, कारण भिंतीतली एक स्प्रिंग प्रवाह चालूच ठेवायची. आम्ही प्रोग्रामर याला लॅच म्हणतो.

पण या रचनेत एक भोक होतं. तार आधीच कापली, तर घंटा वाजणारच नाही. शांतता म्हणजे सगळं ठीक, की सगळं मेलेलं? घरातल्या माणसाला फरक कळणार नाही. पुढे यावर उत्तर निघालं ते साधं आणि उलटं. प्रवाह सतत वाहता ठेवायचा आणि तो तुटला की घंटा वाजवायची. मग तार कापणं हाच आरडाओरडा. आज आमचे सर्व्हर एकमेकांना दर काही सेकंदांनी "आहे, आहे" सांगत राहतात आणि आवाज बंद झाला की आम्हाला रात्री दोनला फोन येतो, ते याच घराण्यातलं.

पोप यांनी १८५७ मध्ये हक्क एडविन होम्स या व्यापाऱ्याला विकले आणि पुढच्याच वर्षी ते वारले. होम्स १८५९ मध्ये न्यूयॉर्कला गेला. चोर तिथे जास्त, म्हणजे गिऱ्हाईकही तिथे जास्त, असा हिशेब. त्याचं मोठं काम म्हणजे त्याने घंटा घराबाहेर नेली. दुकानांतून आणि बँकांतून तारा थेट त्याच्या कार्यालयात यायच्या, तिथे रात्रभर माणूस बसलेला. मला विचाराल तर अलार्मचा खरा शोध हा. कारण घंटा कोणीतरी ऐकायला हवी.

आणि एक धमाल गोष्ट. या तारा दिवसा रिकाम्या असायच्या, दुकानं उघडीच ना. मे १८७७ मध्ये बॉस्टनच्या होम्स कार्यालयात त्याच तारांना ग्रॅहॅम बेलचे नवेकोरे टेलिफोन जोडून बँकांना एकमेकांशी बोलायला लावलं. टेलिफोन एक्स्चेंजच्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक, आणि तो चोरांच्या तारांवर! ही परतफेड पुढे झाली. १९३६ मध्ये बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवूड यांनी रीड स्विच बनवला: काचेच्या नळीत दोन पातळ पट्ट्या, लोहचुंबक जवळ आला की चिकटतात. मामीच्या प्रत्येक खिडकीच्या चौकटीत तोच बसलाय.

रविवारी तळघरात पेटी उघडली. आधी ट्रान्सफॉर्मर काढला, मग १२ व्होल्टची बॅटरी. ती फुगून टम्म झाली होती. प्रत्येक तारेवर मल्टिमीटर लावला. चाळीस वर्षांची तांब्याची तार, एकही तुटलेली नाही. रीड स्विच सगळे चालू. पण रेझिस्टर बघून कपाळावर हात मारला. नियम असा की तारेच्या दूरच्या टोकाला, खिडकीपाशी, रेझिस्टर लावायचा. मग पेटीला तिन्ही गोष्टी वेगळ्या कळतात: ठरलेले ओहम दिसले तर ठीक, अनंत दिसले तर तार तुटली किंवा खिडकी उघडली, शून्य दिसलं तर कोणीतरी वाटेत दोन्ही तारा जोडल्या. बसवणाऱ्याने कष्ट वाचवून सगळे रेझिस्टर पेटीतच लावलेले. म्हणजे वाटेत दोन तारा जोडल्या की पेटीला सगळं ठीकच दिसणार. पुढच्या आणि मागच्या दाराचे मी टोकाला हलवले. खिडक्यांचे राहिले, चौकटी फोडायला मामा तयार नव्हता.

बदललं एवढंच: बॅटरी, मुख्य पॅनल आणि बाहेर बोलणारं यंत्र. आता ते फोरजी आणि घरच्या इंटरनेटवर, दोन्ही वाटांनी बोलतं. मला चीड येते ती इथे. अमेरिकेत २००८ मध्ये अ‍ॅनालॉग मोबाइल बंद झाला, २०१७ च्या सुरुवातीला एटी अँड टीचं टूजी, २०२२ मध्ये थ्रीजी, आणि प्रत्येक वेळी अलार्मच्या पेट्या मुक्या झाल्या. भिंतीतलं सगळं टिकतं, बाहेरचा धागा दर काही वर्षांनी मरतो. तो मेल्याचं कीपॅड ओरडून सांगतो, हेही खरं. मामीला दोन वर्षं सांगतच होता.

शेवटी चाचणी घेतली. नव्या कंपनीला आधी कळवलं, मग मागचं दार उघडलं. भोंगा वाजला. मिनिटभरात मामीचा फोन वाजला. पलीकडच्या बाईने सगळं ठीक आहे ना विचारलं आणि पासवर्ड मागितला. मामीने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून कुजबुजली, "काय रे, सांगू का तिला? नक्की आपलीच माणसं आहेत ना?"