चिकाचा पहिला घोट

कंधारकडची लाल कंधारी आणि उदगीर-देवणीकडची देवणी या आपल्या भागाच्या दोन नामांकित जाती. देवणीत पुन्हा वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून तीन प्रकार. निजामाच्या राजवटीत काय आणि १९४८ नंतर काय, इथली कोरडवाहू शेती या बैलांच्याच खांद्यावर होती. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दात बघून, चाल बघून त्यांची पारख व्हायची. पण बैल होण्याआधी गोऱ्ह्याला पहिला महिना काढावा लागे, आणि तिथंच हगवण आडवी येई.

आमच्या आखाड्यावर रीत ठरलेली. गाय व्याली की जार पडेपर्यंत वासरू कासेला लावायचं नाही. "आधी पाजलं की जार अडकतो," असं आजी म्हणायची. जार पडायला कधी पाच-सहा तास लागत, कधी अख्खी रात्र जाई. मग निघालेला बराच चीक खरवसाला जाई. आठवड्याच्या आत वासरू पांढरं, घाण वासाचं पातळ हगायला लागे. शेपटी बरबटे, डोळे आत जात, कान गार पडत. मग डाळिंबाची साल, बेलफळ, नाहीतर पोटावर डाग. वरून दूध तोडायचं. वासरू गेलं की गाय पान्हा चोरायची. म्हणून कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढं उभं करीत. एका वासरापायी पुढचा बैलही जाई आणि घरातलं दूधही.

चिकाचं मोल शास्त्रानं तसं लवकरच दाखवलं होतं. १९२२ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी काही वासरांना चीक पाजला, काहींना नाही. न पाजलेली बहुतेक दगावली. कारण गायीच्या पोटात असताना वासराला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच येते. आणि वासराचं आतडं ती जेमतेम पहिला दिवसभर आत घेतं. तेही तासागणिक कमी कमी. म्हणजे रात्रभर जाराची वाट बघण्यात खरा वेळ निघून जायचा. गंमत अशी, की वासरू चोखू लागलं की गर्भाशय आवळतं आणि जार पडायला उलट मदतच होते.

दुसरा धडा माणसांच्या दवाखान्यातला. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. हगवणीत जीव जातो तो बहुतेक अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. साखर सोबत असली की दुखरं आतडंही मीठ-पाणी ओढून घेतं. वासराचंही तेच.

१९८७ साली उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं. आता सांगणं सोपं आहे: व्याल्यापासून दोन तासांच्या आत चीक, वीस किलोच्या वासराला दिवसभरात दोन लिटर. नाळेला आयोडीन, खाली कोरडं. हगवण लागली तर दूध तोडू नये. मधल्या वेळात क्षारांचं पाणी थोडं थोडं पाजावं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच बसली नाही, वासरू चोखेना, उठेना किंवा रक्त पडलं, तर नळीनं ओतत बसू नये; पाणी फुप्फुसात जातं. डॉक्टरला बोलवून शिरेतून सलाईन द्यावं.

खरवस कुणी सोडायला सांगत नाही. वासराचं पोट भरल्यावर उरेल तो चीक चुलीवर जावा, एवढंच.