आवासदानाची परंपरा आणि कर्मवीर भाऊराव

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ या ग्रंथात वैयावृत्त्याचे विवेचन करताना आहार, औषध व उपकरण यांच्यासोबत आवासाचाही दानात समावेश केला आहे. मूळ संदर्भ संयमी मुनिजनांच्या सेवेचा असला, तरी गृहस्थ श्रावकांनी त्यातील भाव पुढे शिक्षणासाठी घर सोडलेल्या मुलांपर्यंत नेला. निवाऱ्यावाचून विद्या नाही, ही जाणीव त्यामागे होती.

मुंबईत या कार्याची मुहूर्तमेढ दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी रोवली. 1900 साली त्यांनी आपल्या वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले. आचार्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने 1915 साली श्री महावीर जैन विद्यालयाचे कार्यही मुंबईतच सुरू झाले. गावाकडून केवळ वळकटी घेऊन आलेली कित्येक मुले अशा छत्राखाली शिकली, व्यापारउदिमास लागली आणि स्थिरावली.

तथापि या उज्ज्वल इतिहासात एक असे पान आहे की, जे झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पायगौंडा पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. 1908 साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर स्नान करूनच भोजनास बसावे, असा आग्रह झाला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. स्वसमाजाने दिलेला आसरा स्वसमाजानेच काढून घेतला. त्या प्रसंगी राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यांना आश्रय दिला.

सामान्य मनुष्य अशा अपमानाने कडवट झाला असता. भाऊरावांनी मात्र त्यातून धडा घेतला. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत आणि श्रम करून शिकत. छप्पर मिळे, पण फुकटाची लाचारी नसे. ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र त्यातूनच रुजला.

या संसाराचा भार सौ. लक्ष्मीबाईंनी वाहिला. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्यागाचे चीज मुलांनी केले. याच बोर्डिंगमध्ये वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भाऊरावांना 1959 साली पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी 9 मे रोजी ते निवर्तले.

आता दृष्टी आपल्या भोईवाड्याकडे वळवावी. येथून हाकेच्या अंतरावर टाटा रुग्णालय आहे. दूरदूरच्या प्रांतांतून उपचारासाठी आलेली बालके व तरुण आपल्या आईवडिलांसह परळच्या पदपथावर रात्र काढताना आपण पाहतोच. त्यांत सर्व जातींची, सर्व भाषांची माणसे असतात.

सुवर्णमहोत्सवात दात्यांच्या नावांच्या शिला बसतात; ते उचितही आहे. परंतु आवासदानाची खरी कसोटी छपराखाली कोण आला यापेक्षा दारातून कोण परत गेला, यावर लागते. कोल्हापूरच्या बोर्डिंगने दार लावले म्हणून साताऱ्याचे दार उघडले, हा इतिहास आहे. पुढील पन्नास वर्षांत कोणाही गरजू मुलाला आपल्या दारातून परतावे लागू नये, एवढा संकल्प समाजबांधवांनी या मंगलप्रसंगी करावा, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.