अख्ख्या देशाचं नेट बंद झालं तेव्हा

आज मी तुम्हाला २०११ च्या इजिप्तमध्ये नेतोय.

२५ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांच्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. कुठे जमायचं, कधी जमायचं, हे फेसबुकवर फिरत होतं. मग २७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर सरकारच्या हुकमावरून कंपन्यांनी जवळजवळ अख्ख्या देशाचं इंटरनेट तोडलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलही मुके झाले.

पण घरातले लँडलाइन फोन चालूच राहिले! गूगल आणि ट्विटरने परदेशातले काही नंबर दिले. फोन लावायचा, बोलायचं. ते रेकॉर्डिंग थेट ट्विटरवर. नेट नसतानाही माणसांचा आवाज जगभर पोचला. आणि रस्त्यावरची गर्दी? २८ तारखेला ती आणखी वाढली.

२ फेब्रुवारीला नेट परत आलं. ११ ला मुबारक पायउतार झाले.

नेट बंद करायची युक्ती मात्र संपली नाही. आपल्याकडेही ती वापरतात. १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही.

नेट गेलं की आपण आधी रेंज बघतो. मला वाटतं, हुकूम कोणी काढला आणि कशासाठी, हेही विचारायला हवं.