साष्टींतील हिंवताप आणि पानथरी : मृत्युनोंदींच्या वाचनाविषयीं कांहीं विचार

जुन्या पत्रांत एखाद्याच्या मृत्यूची वार्ता बहुधा दोन ओळींत आटोपलेली असते. ताप येत होता, पोटांत शूळ उठला, दोन प्रहरांत देह ठेविला. इतकें सांगून लेखक दुसऱ्या कामाकडे वळतो. अशी नोंद हातीं आली म्हणजे विषप्रयोगाचा तर्क बांधण्याचा मोह संशोधकास होतो. तापकरी मनुष्य अकस्मात् पोट दुखून मरावा हें अस्वाभाविक वाटतें खरें; परंतु हिंवतापाच्या प्रदेशांत तें तसें नाहीं, हें दाखविण्याचा आमचा उद्देश आहे.

विवेचनासाठीं आम्ही साष्टी बेट घेतों. हल्लीं मुंबईचीं उपनगरें म्हणून ओळखलीं जाणारीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर हीं स्थळें याच बेटावर आहेत. १७३७ सालीं मराठ्यांनीं तें फिरंग्यांपासून घेतलें. १७७४ सालीं इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेऊन तें बळकाविलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांजकडेच राहिलें. डोंगर, ओढे, खाजणें व भातखाचरें यांनीं भरलेल्या या भूमींत पावसाळ्याच्या अखेरीस ताप हा ठरलेलाच पाहुणा होता.

आमच्या प्राचीन वैद्यांस या तापाचा व पोटाचा संबंध ठाऊक होता काय? विषमज्वराचे संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक हे पांच भेद ग्रंथांत प्रसिद्धच आहेत. उदररोगांचे आठ प्रकार सांगतांना चरकानें प्लीहोदराचें वर्णन चिकित्सास्थानांत केलें आहे. डाव्या कुशींतील प्लीहा वाढत जाऊन हातास कांसवाच्या पाठीसारखी कठीण लागते, असें तो म्हणतो. आणि वाहनाचे धक्के, ओझें, प्रवास व व्याधीनें आलेली कृशता यांमुळें ती स्थानभ्रष्ट होते, असेंही सांगतो. सुश्रुतानें निदानस्थानांत याच रोग्यास मंद ज्वर, बलक्षय व अतिशय पांडुता असते असें नमूद केलें आहे. मंद ज्वर, फिकटपणा व डावीकडील गांठ हीं तीन लक्षणें एकत्र वाचलीं म्हणजे जुनाट हिंवतापाचा रोगी डोळ्यांपुढें उभा राहतो. लोकभाषेंत यालाच पानथरी वाढणें म्हणतात. तेव्हां बाडांत पानथरीवरील औषध आढळल्यास तें हिंवतापाचेंही गमक असूं शकतें, हें ध्यानांत ठेवावें.

आतां अर्वाचीन शास्त्र काय सांगतें तें पाहूं. हिंवतापाचे जंतु रक्तांतील तांबड्या पेशींत वाढतात. अशा दूषित पेशी गाळून काढण्याचें काम प्लीहेकडे असल्यामुळें ती सुजते व तिचें वेष्टन ताणलें जातें. मग क्षुल्लक आघातानें, खोकल्याच्या उबळीनें, क्वचित् कांहीं निमित्त नसतांही ती फाटते व पोटांत रक्तस्राव होऊन रोगी दगावतो. त्या वेळीं डाव्या खांद्यापर्यंत कळ जाते. येथें एक विशेष सांगण्याजोगा आहे. जुनाट, कठीण झालेल्या प्लीहेपेक्षां नवख्या मनुष्याची झपाट्यानें सुजलेली मऊ प्लीहा आपोआप फाटण्याचा संभव अधिक असतो. म्हणजे देशावरून साष्टींत नुकत्याच आलेल्या शिपायास किंवा कारकुनास हें भय स्थानिक कुणब्याहून जास्त होतें.

शिवाय घातक जातीच्या हिंवतापांत दूषित पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींस चिकटून रक्ताचा मार्ग अडवितात. त्यामुळें कोणास अंग थंड पडून पटकीसारखे जुलाब होतात, कोणास कावीळ होते, कोणाचें पित्ताशय खडा नसतांही सुजतें, तर कोणाच्या स्वादुपिंडास दाह होऊन असह्य शूळ उठतो. हीं लक्षणें विरळ असलीं तरी सत्य आहेत. आणि बाहेरून पाहणाऱ्यास तीं विषबाधेसारखींच भासतील.

मुंबईचा या ज्ञानांत वांटा आहे. लाव्हरान यांनीं १८८० सालीं अल्जीरियांत पाहिलेले जंतु मुंबईंत १८८७ सालीं व्हँडाइक कार्टर यांनीं रोग्यांच्या रक्तांत पाहिले. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस डांसाच्या उदरांत त्यांचा मागोवा लावला. पुढें बेंटली यांनीं मुंबईची पाहणी करून १९११ सालीं अहवाल दिला; त्यांत मुलांच्या वाढलेल्या प्लीहांवरून रोगाचा फैलाव मोजला असून शहरांतील विहिरींवर डांसांच्या उत्पत्तीचा ठपका ठेविला आहे. साथी तेथेंच संपल्या नाहींत; २०१० सालींही मुंबईंत मोठी साथ उद्भवली होती.

परंतु याच ज्ञानाचा दुरुपयोगही झाला आहे. आग्र्याच्या फुलर नामक इंग्रज वकिलानें आपल्या मोतद्दारास मारलें व तो मेला. प्लीहा वाढलेली होती, ती फाटली, असें तपासणींत निघालें. आणि मॅजिस्ट्रेटानें अवघा तीस रुपये दंड केला. १८७६ सालीं लॉर्ड लिटन यांनीं या निकालाची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. प्लीहा दुबळी होती म्हणून मारणारा निर्दोष ठरत नाहीं. तद्वत् इतिहासांतही पानथरीचें नांव घेऊन प्रत्येक संशयित मृत्यु स्वाभाविक ठरवूं नये.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, अशा नोंदींत पांच गोष्टी शोधाव्या : ऋतु कोणता, पूर्वीं पाळीचा ताप होता काय, मनुष्य त्या प्रांतीं नवा होता काय, दुखणें कोणत्या बाजूस होतें, आणि त्याच्या पंक्तीस जेवलेले इतर लोक आजारी पडले काय. वैद्यांच्या औषधांचीं सुटीं पानें निरुपयोगी समजून टाकूं नयेत. त्यांतच पहिल्या चार प्रश्नांचें उत्तर सांपडण्याचा संभव असतो. मृताचा न्याय करणें इतिहासकाराच्या हातीं नसलें, तरी जिवंत नसलेल्या माणसावर विष घातल्याचा आरोप पुराव्यावांचून ठेवूं नये, इतकें तरी खास त्याच्या हातीं आहे.