अपशिंग्याचा स्तंभ

मैत्रिणींनो, सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ मध्ये, या एका गावचे ४६ जवान कामी आले. इंग्रज सरकारने त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ उभारला. त्या युद्धात मराठा पलटणी पार मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथे पडलेल्याचं शेवटचं तोंडही घरच्यांना दिसत नसे.

आम्ही गटाच्या बैठकीत हिशेब मांडला. एकेका जवानामागे एक आई किंवा कारभारीण धरली, तरी आपले तीन बचत गट भरतात! शेत, गुरं, म्हातारी माणसं त्यांनीच ओढली असणार. त्यांचा आकडा कुणी मोजला नाही. गावातली पोरं मात्र पुढेही भरती होत राहिली, आजही होतात.