मोठ्या लॉनवरील तणांसाठी फवारणी पंपाची निवड

नागपूर शहराच्या चारही बाजूंना लग्नाची लॉन, फार्महाऊस, शाळा-महाविद्यालयांची मैदाने अशी एक ते पाच एकरांची हिरवळ आता सर्वत्र दिसते. जून ते सप्टेंबर या काळात काळ्या जमिनीत ओलावा टिकून राहतो आणि हिरवळीत लव्हाळा, दुधी, घोळ, केना, एकदांडी, तरोटा, गाजरगवत झपाट्याने वाढते. एवढ्या क्षेत्रावर नुसत्या खुरपणीने भागत नाही. मात्र दुकानात मिळेल तो पंप आणून तणनाशक मारले, तर हिरवळ पट्ट्यापट्ट्याने जळते किंवा शेजारच्या कपाशीचे नुकसान होते. म्हणून औषधाइतकाच पंपही विचारपूर्वक निवडावा.

आधी तण ओळखा

शेतात हरळी हे तण असते, लॉनमध्ये मात्र बहुतेक वेळा हरळी हेच पीक असते. त्यामुळे शेतातले तणनाशक लॉनवर जसेच्या तसे चालत नाही. ग्लायफोसेटसारखे बिननिवडक तणनाशक लॉनचे गवतही मारते. शिवाय केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला आहे.

रुंद पानांची तणे, लव्हाळा आणि गवतवर्गीय तणे यांची औषधे वेगवेगळी आहेत. लव्हाळा उपटला तरी जमिनीतील गाठी शिल्लक राहतात आणि पुन्हा फुटतात. कोणते औषध घ्यायचे हे ठरवण्यासाठी तणाचा नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्र किंवा नागपूरच्या कृषी महाविद्यालयातील तज्ज्ञांना भेटा. औषधाच्या लेबलवर लॉनचा उल्लेख आहे का, तेही पाहा.

तण एकूण क्षेत्राच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी असेल, तर सर्वत्र फवारू नका. पाच लिटरच्या छोट्या पंपाने तेवढेच ठिपके फवारा किंवा खुरपून काढा.

क्षेत्रानुसार पंप

*पाव एकरापर्यंत:* १६ लिटरचा पाठीवरचा हात पंप पुरेसा आहे. दांडा मारण्याच्या गतीनुसार दाब कमी-जास्त होतो, म्हणून एकाच लयीत काम करणारा माणूस हवा.

*पाव ते दीड एकर:* बॅटरी पंप चांगला. दाब एकसारखा राहतो आणि हात मोकळा राहतो. दाब कमी-जास्त करण्याची सोय असलेलाच पंप घ्या. बॅटरी संपली तर हातानेही चालणारा 'टू इन वन' पंप अधिक सोयीचा.

*दीड ते पाच एकर:* चाकांवर ढकलायचा, तीन-चार नोझलच्या आडव्या बूमचा पंप पाहा. एक मीटर रुंदीचा पट्टा धरला, तर एका एकरासाठी सुमारे चार किलोमीटर चालावे लागते. तीन एकरांना ते बारा किलोमीटर होते, तेही पाठीवर भरलेली टाकी घेऊन. थकलेला माणूस हळू चालतो आणि तिथे औषध जास्त पडते.

*पाच एकरांपेक्षा जास्त:* मिनी ट्रॅक्टरचा बूम स्प्रेअर चालेल. पण काळी जमीन ओली असताना तो आत नेऊ नका. चाकोऱ्या पडतात आणि त्या पुढे लॉनवर दिसत राहतात. वाफसा आल्यावरच फवारा.

हे पंप तणनाशकासाठी नकोत

पेट्रोलवर चालणारा मिस्ट ब्लोअर अतिशय बारीक थेंब तयार करतो आणि ते वाऱ्याबरोबर दूर जातात. संत्रा बागेत वापरला जाणारा एचटीपी पंप गनसह लॉनवर वापरला तरी तेच घडते. त्याचा दाब झाडाच्या शेंड्यापर्यंत औषध पोहोचवण्यासाठी असतो. वस्ती आणि पिके लागून असतील, तिथे ड्रोननेही तणनाशक फवारू नका.

नोझल पंपाइतकेच महत्त्वाचे

पंपासोबत मिळणारे गोल फवाऱ्याचे, म्हणजे हॉलो कोन नोझल कीटकनाशकासाठी असते. तणनाशकासाठी फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल बसवा. दाब कमी ठेवा, म्हणजे थेंब मोठे पडतात व उडत नाहीत. फ्लॅट फॅन नोझल जमिनीपासून साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीवर धरा. दांडी डावी-उजवीकडे हलवू नका. सरळ चाला आणि आधीच्या पट्ट्याच्या कडेवर दुसऱ्या पट्ट्याची कड येऊ द्या. फुलझाडांच्या वाफ्याजवळ नोझलवर हूड लावा. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी येऊ लागले, की नोझल बदला.

'प्रति पंप' मात्रा मोजून ठरवा

'पंपाला शंभर मिलि टाका' या तोंडी सल्ल्यावर जाऊ नका. लेबलवरची मात्रा क्षेत्राला असते. एका एकराला किती पंप लागतील, हे तुमची चाल आणि नोझल यांवर ठरते. त्यासाठी साधी चाचणी करा:

१. लॉनवर १० मीटर लांब व १० मीटर रुंद चौकोन आखा.
२. पंपात खुणेपर्यंत साधे पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने चौकोन फवारा.
३. पुन्हा खुणेपर्यंत पाणी भरताना किती लिटर लागले ते मोजा.
४. त्याला ४० ने गुणा. हे झाले एका एकराचे पाणी.

समजा २.५ लिटर लागले. म्हणजे एकरी १०० लिटर पाणी, १६ लिटरचे सव्वासहा पंप. लेबलवर एकरी मात्रा ४०० मिलि असेल, तर प्रति पंप ६४ मिलि औषध येते. 'पंपाला शंभर' या हिशेबाने एकरी ६२५ मिलि पडले असते, आणि हिरवळ पिवळी पडायला तेवढे पुरे असते. एकरी पाणी लेबलवर दिलेल्यापेक्षा फार कमी येत असेल, तर चाल कमी करा किंवा मोठ्या छिद्राचे नोझल लावा.

२,४-डी आणि कपाशी

रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी वापरले जाते. कपाशी या औषधाला अत्यंत संवेदनशील आहे. त्याचा अंश लागला तरी पाने अरुंद, बोटांसारखी होतात आणि वाढ बिघडते. वाऱ्याने उडालेल्या थेंबांनी हे होते, तसेच न धुतलेल्या पंपानेही होते. लॉनवर वापरलेला पंप दुसऱ्या दिवशी कपाशीत नेला, तर हंगाम हातचा जाऊ शकतो. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर लाल रंगाने 'तणनाशक' असे लिहा आणि तो कोणालाही उसना देऊ नका. २,४-डी वापरायचेच असेल, तर एस्टरऐवजी कमी उडणारे अमाईन सॉल्ट घ्या.

केव्हा फवारावे

चातुर्मासात लग्ने नसतात, लॉन रिकामे असते आणि तणेही कोवळी असतात. पावसाची उघडीप, जमिनीत ओल आणि शांत वारा बघून सकाळी फवारा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, त्यामुळे काम त्याआधीच संपवा. एप्रिल-मे मधील कडक उन्हात फवारू नका. फवारणीनंतर लेबलवर दिलेल्या काळात माणसे, मुले व जनावरे लॉनवर येऊ देऊ नका. कापलेले गवत जनावरांना घालू नका.

गळणारा पंप वापरू नका

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला. ती औषधे वेगळी होती, पण धडा इथेही लागू होतो. पंप घेताना दुकानातच पाणी भरून, पाठीवर घेऊन पाहा. झाकण, वॉशर, ट्रिगर आणि नळीचे जोड कुठेही गळता कामा नयेत. पट्टे रुंद व मऊ असावेत. सुटे भाग नागपुरात मिळतात का, हे आधी विचारा.

फवारणाऱ्याला हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे व गमबूट द्या. मजूर तुमचा असला तर ही जबाबदारीही तुमचीच आहे. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका. काम झाल्यावर पंप तीन वेळा धुवा आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात न ओतता फवारलेल्या जागेवरच मारा. मळमळ, चक्कर किंवा डोळ्यांची जळजळ झाल्यास काम थांबवा, कपडे बदला, अंग धुवा आणि औषधाचे लेबल सोबत घेऊन रुग्णालयात जा. गरज पडल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.