बर्फावरचा नाल

नाल सापडला म्हणून घोडा विकत घ्यायला निघालेल्या माणसाची आपण थट्टा करतो. १८१२ साली रशियात याच्या नेमके उलट घडले. घोडे दीड लाखांहून अधिक होते आणि नाल नव्हते. म्हणजे नाल होते, पण बर्फावर पाय ठरेल असे नव्हते.

नेपोलियनला रशियाच्या हिवाळ्याने हरवले, असे आपण शाळेत शिकलो. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. घोड्यांच्या बाजूने ही स्वारी पाहिली की तिचा उरलेला अर्धा भाग दिसू लागतो. आणि तो उन्हाळ्यातच सुरू होतो.

२४ जून १८१२ रोजी नेपोलियनच्या फौजेने नेमन नदी ओलांडायला सुरुवात केली. घोडदळाचे, तोफा ओढणारे, गाड्यांना जुंपलेले असे सगळे घोडे मिळून दीड लाखाच्या वर. एका घोड्याला दिवसाला नऊ किलो दाणावैरण धरली, तरी रोज साडेतेरा लाख किलो लागते! एवढा चारा गाड्यांवर लादून न्यायचा, तर त्या गाड्या ओढायला पुन्हा घोडे हवेत आणि त्यांनाही चारा हवा. मग उपाय एकच, वाटेतल्या शेतात जनावरे सोडायची. शेतात हिरवी, ओली राय उभी होती. घोड्याला ओकारी येत नाही. जे पोटात गेले ते पुढेच जायला हवे. हिरव्या धान्याने पोटे फुगली, त्यातच जूनअखेरीस वादळी पाऊस कोसळला, आणि विल्ना म्हणजे आजचे विल्नियस गाठेपर्यंत सुमारे दहा हजार घोडे मेले. अजून शत्रूशी धड गाठही पडली नव्हती.

म्युरा हा घोडदळाचा सरसेनापती. स्वार मोठा धाडसी, पण मोतद्दार म्हणून अगदी वाईट. दिवसभर खोगीर उतरू द्यायचा नाही. त्याच्या हाताखालच्या नाँसूती या सेनापतीचे एक बोलणे प्रसिद्ध आहे. शिपाई भाकरीवाचून लढेल, पण घोड्यांच्या अंगी देशभक्ती नसते, अशा आशयाचे. मला यात विनोदापेक्षा तक्रार जास्त ऐकू येते.

आता थंडीकडे येऊ. घोडा हे थंडीला भिणारे जनावर नाही. हिवाळा जवळ आला की त्याच्या अंगावर दाट केस येतात, त्वचेखाली चरबी साठते. शिवाय पोटात वैरण कुजत-पचत असताना उष्णता निर्माण होते. वैरण हीच त्याची शेगडी म्हणा ना. सैबेरियातील याकूत लोकांचे बुटके, केसाळ घोडे उणे पन्नास अंशातही उघड्यावर राहतात आणि खुरांनी बर्फ उकरून खालचे गवत खातात. तेव्हा पोटात चारा, वाऱ्याला आडोसा आणि प्यायला पाणी एवढे मिळाले, तर नुसत्या थंडीने घोडा मरत नाही. मरतो तो उपाशी असला तर. किंवा पडला आणि उठता आले नाही तर.

हे ज्याला ठाऊक होते असा एक माणूस नेपोलियनच्या शेजारीच बसत होता. त्याचे नाव कोलँकूर. बादशहाच्या पागेचा प्रमुख, आणि १८०७ ते १८११ रशियातील फ्रान्सचा वकील. म्हणजे सेंट पीटर्सबर्गचे हिवाळे त्याने पाहिलेले. ही स्वारी करू नये, असे त्याने धन्याला तोंडावर सांगितले होते. धन्याने ऐकले नाही. ७ सप्टेंबरला बोरोदिनोच्या लढाईत कोलँकूरचा सख्खा भाऊ पडला. १४ तारखेला फौज मॉस्कोत शिरली. त्या वर्षीचा शरद ऋतू उबदार होता. रशियाच्या थंडीच्या गोष्टी उगाच वाढवून सांगतात, असे नेपोलियनला वाटू लागले.

कोलँकूर मात्र कामाला लागला. त्याने बादशाही पागेसाठी नाल घडवून घेतले. साधा नाल तळाला सपाट असतो आणि झिजून गुळगुळीत होतो. या नालांना खाली वळलेले तीन दाते ठेवले, दोन मागे, एक पुढे. असे दाते बर्फात रुततात. आपल्याकडे नालबंद हे आडनाव आजही आढळते, बहुतेक मुसलमान घरांत. घोडा आणि बैल यांच्या पायांशी त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. असा एखादा जाणता नालबंद तिथे असता, तर त्याने भाता, ऐरण, कोळसा आणि महिनाभराचा अवधी मागितला असता. मॉस्कोत फौज महिन्याहून अधिक काळ बसून होती. पण असा हुकूम साऱ्या फौजेसाठी निघालाच नाही. पोलंडच्या स्वारांना आपल्याकडची थंडी माहीत होती. त्यांनी आपापल्या घोड्यांना बर्फाचे नाल ठोकून घेतले.

१९ ऑक्टोबरला माघार सुरू झाली. २४ तारखेच्या मालोयारोस्लावेत्सच्या लढाईनंतर फौज आलेल्या वाटेनेच परत वळली, म्हणजे जिथला चारा आधीच खाऊन संपला होता त्या वाटेने. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडले. रस्ता हजारो पावलांनी दाबून काचेसारखा झाला. उतारावर घोडा घसरे, पडे, उठायची धडपड करी, पुन्हा पडे. मग त्याला तिथेच सोडून माणसे पुढे जात. मागून येणारे भुकेले लोक त्याच्याभोवती जमत, आणि तो मरेपर्यंत थांबण्याइतके धैर्य सगळ्यांकडे नसे. नद्या गोठलेल्या, पाणी पाजायचे तर बर्फ फोडायला हवे. घोडे कमी झाले तशा तोफा मागे राहिल्या, आणि जखमींच्या गाड्याही.

नोव्हेंबरअखेर घोडदळाची अशी दशा झाली की, ज्या अधिकाऱ्यांकडे अजून घोडा होता अशा पाचसहाशे जणांचे एक पथक उभारले. त्याला ‘पवित्र पथक’ म्हणत. त्यात सेनापतींनी कप्तानाचे काम करायचे होते. काही दिवसांतच तेही विरले. १० डिसेंबरच्या सुमारास विल्न्यालगतच्या पोनारी टेकडीची निसरडी चढण घोड्यांना चढवेना, आणि फौजेचा खजिना तिथेच सोडावा लागला. सपाट नालांची किंमत त्या दिवशी सोन्याच्या नाण्यांत मोजली गेली.

कोलँकूरच्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी, १९३३ साली छापल्या गेल्या. घोडे थंडीपेक्षा नालांच्या हयगयीने गेले, असा त्याचा निर्वाळा आहे. तो पागेचा माणूस, त्याचे म्हणणे मला पटते. मात्र उपासमारीचा वाटा त्यात मिळवायला हवा. १७६०-६१ च्या हिवाळ्यात पानिपतावर मराठ्यांच्या घोड्यांना बर्फाने नव्हे, वैरणीच्या तुटवड्याने ग्रासले होते, हे आपल्याला विसरता येत नाही.

१८६९ साली मिनार या फ्रेंच अभियंत्याने या स्वारीचा नकाशा काढला. जाताना ४ लाख २२ हजारांची जाड पट्टी, परतताना १० हजारांची बारीक रेघ. खाली थंडीचे अंश. जगभर त्याचे कौतुक होते. त्यात घोड्यांची रेघ नाही.

१८१३ च्या वसंतात नेपोलियनने नवी फौज उभी केली. पोरसवदा शिपाई काही महिन्यांत तयार होतो. शिंगरू स्वारीचा घोडा व्हायला चार-पाच वर्षे लागतात. मे महिन्यात ल्युत्सेन आणि बाउत्सेन या दोन लढाया तो जिंकला, पण पळत्या शत्रूचा पाठलाग करायला घोडदळ नव्हते. दोन्ही वेळा शत्रू आपली फौज शाबूत घेऊन निघून गेला. ४ जूनला नेपोलियनने तहकुबीचा करार केला, आणि त्याचे एक कारण म्हणून घोडदळाची उणीव त्याने स्वतःच सांगितली.